चंद्रपूर ते पडघे : वाढीचा धूर कुणाच्या नावावर?

मुंबईहून नाशिकला जाताना भिवंडी मागे पडली की पडघे लागतं. टोलनाका आणि महामार्गालगतची गोदामं, एवढीच या गावाची ओळख बहुतेकांना असते. इथे महापारेषण या सरकारी पारेषण कंपनीचं मोठं उपकेंद्र आहे आणि थेट चंद्रपूरहून निघालेली एक वीजवाहिनी तिथे येऊन पोचते. लांबी ७५२ किलोमीटर, दाब ५०० किलोव्होल्ट, क्षमता १,५०० मेगावॉट. १९९९ मध्ये ती सुरू झाली. वाहिनी डीसी आहे, कारण लांबच्या पल्ल्याला डीसीत गळती कमी होते. पण नेहमीच्या वाहिनीला वाटेत उपकेंद्र बांधून फाटा काढता येतो, तसा हिला काढता येत नाही. चंद्रपूरला विजेचं डीसीत रूपांतर होतं, पडघ्याला ती पुन्हा एसी होते, आणि मधे नुसते मनोरे.

या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन असायचं. मुंबई त्यातून वगळलेली होती. ज्यांच्या शेतावरून ही वाहिनी जात होती ते शेतकरी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघायचे, आणि त्यांच्या डोक्यावरून दीड हजार मेगावॉट वीज न थांबता पश्चिमेला जायची.

मुंबईकरांना आपल्या विजेचा पत्ता कळला तो १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी. सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. नंतर बातम्यांमध्ये कळवा, पडघे, खारघर ही नावं येऊ लागली, कारण बिघाड त्यांना जोडणाऱ्या वाहिन्यांवर होता. बाहेरून येणारी वीज तुटली तर शहराने स्वतःच्या केंद्रांवर तग धरावा, यासाठी १९८१ मध्ये उभी केलेली आयलँडिंग यंत्रणाही त्या दिवशी टिकली नाही. मुंबईची कमाल मागणी आज ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते. ट्रॉम्बे, डहाणू आणि टाटांची घाटातली जलविद्युत केंद्रं मिळून ती भागत नाही. उरलेली वीज बाहेरून येते.

आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन यांच्या नात्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ढिगाने लिहिलं गेलं आहे. त्यातलं बहुतेक लिखाण देशाला एकक धरतं: भारत किती, चीन किती, अमेरिका किती. पण देशाच्या आत, एका राज्याच्याही आत, वाढ एका टोकाला आणि धूर दुसऱ्या टोकाला असू शकतो, आणि मधल्या मनोऱ्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. माझं म्हणणं साधं आहे. ज्या जिल्ह्यात धुराडं आहे त्या जिल्ह्याच्या नावावर धूर लिहिणं ही हिशेबातली चूक आहे, आणि ही चूक ज्यांच्या सोयीची आहे त्यांच्या हातात राज्याची तिजोरी आहे.

०००

आधी विजेचं एक युनिट हातात घेऊन पाहू.

मे महिन्यात ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालतो. साधारण आठ युनिटं जळतात. ती कोळशाची वीज असेल तर तिच्यामागे साडेपाच किलोच्या आसपास कोळसा जळालेला असतो. आपल्याकडचा कोळसा राखेचा. शंभर किलो कोळशात तीस ते पंचेचाळीस किलो राख निघते. म्हणजे त्या एका रात्रीची जवळजवळ दोन किलो राख झाली. पाणी वेगळंच. एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असं जुन्या औष्णिक केंद्रांना २०१५ च्या नियमांनी सांगितलं. त्या हिशेबाने रात्रीचं पाणी अठ्ठावीस लिटरपर्यंत जातं.

आणि कार्बन डायऑक्साइड आठ किलो. साडेपाच किलो कोळशातून आठ किलो वायू कसा, असा प्रश्न पडतो. कोळशातल्या कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो, त्यामुळे बारा ग्रॅम कार्बनचा चव्वेचाळीस ग्रॅम वायू होतो. युनिटमागे एक किलो, हा आकडा कोळशाच्या विजेसाठी लक्षात ठेवायला सोपा आहे आणि वास्तवाच्या अगदी जवळ आहे.

आता या वस्तू कुठे जातात ते पाहा. गारवा फ्लॅटमध्ये राहतो. आठ किलो वायू वर जातो आणि वर्षभरात जगभरच्या हवेत मिसळतो. तो चंद्रपूरच्या माणसाला जेवढा तापवतो तेवढाच पॅरिसच्या. पण दोन किलो राख कुठेच जात नाही. ती जिथे कोळसा जळाला तिथेच राहते. सूक्ष्म धूळ, गंधकाचे वायू, पारा हेही त्याच परिसरात उतरतात. कार्बनच्या चर्चेत हा फरक बहुतेक वेळा हरवतो. ‘उत्सर्जन’ म्हटलं की सगळा धूर एकच वाटतो. प्रत्यक्षात त्याचा एक भाग जगाचा आहे आणि दुसरा भाग एका ठरावीक तालुक्याचा.

०००

चंद्रपूरहून ताडोब्याच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता दुर्गापूर आणि ऊर्जानगर येतं. वाघ बघायला निघालेल्या जिप्स्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांजवळून पुढे जातात. २,९२० मेगावॉटचं हे केंद्र महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचं सगळ्यात मोठं: ५०० मेगावॉटचे पाच संच आणि २१० चे दोन. पहिला संच १९८० च्या दशकात सुरू झाला, शेवटचे दोन २०१५-१६ च्या सुमारास. पाणी इरई धरणाचं. कोळशाच्या खाणी शेजारीच, दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (डब्ल्यूसीएल) या खुल्या खाणींमधून कोळसा काढायचा तर आधी वरची माती आणि खडक उपसावे लागतात. त्या उपशाला इथे सगळे ओबी म्हणतात. ओबीचे ढीग वाढत वाढत टेकड्या झाले आहेत, आणि नव्या माणसाला त्या खऱ्याच टेकड्या वाटतात. पावसाळ्यात त्यांच्यावर बाभूळ आणि गवत उगवतं, उन्हाळ्यात त्या भाजून निघतात.

आत आलेला कोळसा पट्ट्यांवरून क्रशरकडे, तिथून बंकरमध्ये, तिथून मिलमध्ये जातो. मिलमधून बाहेर पडताना तो पावडरीइतका बारीक झालेला असतो, आणि गरम हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये शिरतो. बॉयलरच्या तळाशी जाड राख साचते, उरलेली धुराबरोबर वर निघते. तिला विजेचा भार देऊन धातूच्या पत्र्यांवर चिकटवतात आणि पत्रे ठोकून खाली पाडतात. ही यंत्रणा नीट चालली तर बहुतेक राख पकडली जाते. खाली पडलेली राख पाण्यात कालवून नळांमधून राखेच्या तळ्यात सोडतात. काही सिमेंटच्या कारखान्यांना जाते, काही विटांना, उरलेली तळ्यात. पावसाळा जोरात असेल तर या तळ्यांची धास्ती असते. जुलै २०२२ मध्ये नागपूरच्या कोराडी केंद्राजवळच्या खसाळ्याच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांमधून आणि नाल्यांमधून वाहिलं.

तिकडे जिल्ह्यातल्याच घुग्घुसमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर कोळशाच्या ट्रकांची रांग संपत नाही. ताडपत्री बांधलेली असते, तरी कडेने भुकटी सांडत राहते. टँकर रस्त्यावर पाणी मारून जातो, पाऊण तासात रस्ता वाळतो आणि पुन्हा धूळ सुरू होते. दारातल्या तुळशीची पानं पुसली तर बोट काळं होतं. दोरीवरचे कपडे संध्याकाळच्या आत घरात घ्यायचे, हे इथल्या मुलींना कुणी वेगळं शिकवत नाही. पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. घरोघरी कूलर आहेत, एसी थोड्यांकडे.

या ठिकाणाबद्दल बोलताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. इथे कुणाला केंद्र नको आहे असं नाही. ‘थर्मलला परमनंट आहे’ किंवा ‘डब्ल्यूसीएलमध्ये आहे’ एवढं सांगितलं की लग्नाच्या बोलणीत मुलाच्या बाजूला वजन येतं. शाळा, दवाखाना, क्वार्टर, वेळेवर पगार हे या जिल्ह्यात दुसरं कुणी दिलेलं नाही. भद्रावती, माजरी, बल्लारपूर, राजुरा या सगळ्या पट्ट्यातला मध्यमवर्ग कोळशाने घडवला. मात्र गेल्या काही दशकांत कायम नोकऱ्या आटत गेल्या आणि कंत्राटी वाढल्या. राख उपसणारा, पट्ट्याखाली सांडलेला कोळसा फावड्याने भरणारा माणूस आज बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा असतो. धूळ त्याच्याच वाट्याला सगळ्यात जास्त, आणि पगारपत्रकावर केंद्राचं नावही नसतं.

०००

आता या सगळ्याचा हिशेब मांडू या. चंद्रपूरचं केंद्र क्षमतेच्या साठ टक्के चाललं असं धरलं, तर वर्षाला सुमारे १,५३५ कोटी युनिटं होतात. युनिटमागे एक किलोने दीड कोटी टन कार्बन डायऑक्साइड. कोळसा जवळजवळ एक कोटी टन, राख पस्तीस-चाळीस लाख टन. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २२ लाख होती. भागाकार केला तर या एकाच केंद्रामुळे चंद्रपूरकराच्या डोक्यावर वर्षाला सात टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड येतो. भारताची सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. युरोपीय संघातल्या माणसाची सरासरीही सात टनांखाली आहे. कूलरसमोर बसलेला घुग्घुसचा माणूस कागदावर युरोपातल्या माणसापेक्षा मोठा प्रदूषक ठरतो.

दुसऱ्या टोकाला मुंबई. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन दिलं आहे. माणशी सुमारे १.८ टन. यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा ऊर्जेच्या वापराचा, मुख्यतः विजेचा. आराखड्याला श्रेय द्यायला हवं, कारण त्याने बाहेरून आलेल्या विजेचा धूरही शहराच्या खात्यावर घेतला आहे. ही पद्धत जिल्ह्यांना आणि विभागांना लावली गेली तर अर्धा प्रश्न कागदावर तरी सुटेल.

अर्धाच, कारण वीज ही धुराची एक वाट झाली. दुसरी सिमेंटची. राजुरा आणि कोरपना तालुक्यांत चुनखडी आहे, म्हणून आवारपूर, गडचांदूर, उप्परवाही इथे सिमेंटचे कारखाने आहेत. सिमेंटचं कोडं कोळशापेक्षा अवघड आहे. भट्टी उद्या सौरऊर्जेवर तापवली तरी चुनखडी स्वतःच वायू सोडते: शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि छप्पन्न किलो चुना उरतो. इंधन धरून पन्नास किलोच्या एका पोत्यामागे तीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. ते पोतं ज्या टॉवरमध्ये, मेट्रोच्या खांबात किंवा उड्डाणपुलात जातं, त्या शहराच्या यादीत हे तीस किलो येत नाहीत. शहरांच्या मोजणीची प्रचलित पद्धत बाहेरून आलेली वीज धरते, बाहेरून आलेलं सिमेंट आणि पोलाद सहसा सोडून देते.

आणि उत्पन्न? जिल्ह्याचं उत्पन्न काढताना ते जिथे निर्माण झालं तिथे लिहितात. त्यामुळे केंद्राचं आणि खाणींचं मूल्यवर्धन चंद्रपूरच्या खात्यात दिसतं आणि जिल्ह्याचा आकडा फुगतो. तो पैसा जिल्ह्यात राहतोच असं नाही. पगार काही प्रमाणात राहतात. बाकी रक्कम कर्जाच्या हप्त्यांत, यंत्रांच्या किमतीत आणि मुख्यालयाच्या ताळेबंदात जाते. महानिर्मितीचं मुख्यालय वांद्र्याला आहे, प्रकाशगडमध्ये. असा फुगलेला आकडा धरूनही चंद्रपूरचं दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीखाली राहतं, आणि शेजारचा गडचिरोली नंदुरबार-वाशीमबरोबर यादीच्या तळाशी. राज्याच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यातून येतो. तिथली वाढ वित्त, माहिती तंत्रज्ञान, बांधकाम आणि व्यापाराची आहे. दर रुपयामागे तिथे धूर कमी दिसतो, आणि त्यावरून ही वाढ ‘स्वच्छ’ आहे असं सांगितलं जातं.

०००

या ‘स्वच्छ’पणाला अर्थशास्त्रात एक आधार आहे. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये विषमतेबद्दल एक अंदाज मांडला होता: देश श्रीमंत होऊ लागला की विषमता आधी वाढते, मग उतरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी तशीच टेकडी प्रदूषणात शोधली. आधी चढ, मग उतार. काही प्रदूषकांना ती लागू पडते. नदीतली घाण, शहरातला गंधकाचा धूर लोकांना डोळ्यांनी दिसतो, नाकाला कळतो, आणि पैसा आला की लोक ते स्वच्छ करायला भाग पाडतात. कार्बन दिसत नाही, वास येत नाही. तो कमी होतो तेव्हा पुष्कळदा फक्त हलवलेला असतो.

उतार खोटाच असतो असं मी म्हणत नाही. ब्रिटनने १९९० पासून अर्थव्यवस्था वाढवत नेऊन आपल्या भूमीवरचं उत्सर्जन जवळजवळ निम्म्यावर आणलं, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोअरचं शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. ही खरी घट आहे. पण ब्रिटनच्या घरांत येणाऱ्या आयात मालामागचा धूर धरला तर ती बरीच लहान दिसते. चीनमध्ये हेच देशाच्या आत मोजलं गेलं. कुइशुआंग फेंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २००७ सालचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यानुसार चीनमधलं निम्म्याहून जास्त उत्सर्जन अशा वस्तू आणि सेवांसाठी झालं होतं, ज्यांचा उपभोग दुसऱ्या प्रांतात किंवा परदेशात झाला. किनाऱ्यावरच्या श्रीमंत प्रांतांच्या उपभोगामागचा धूर मोठ्या प्रमाणात मध्य आणि पश्चिम चीनच्या गरीब प्रांतांतून निघत होता. बीजिंगने २०१७ मध्ये आपलं शेवटचं मोठं कोळसा केंद्र बंद केलं तेव्हा शहराची हवा खरोखर सुधारली. दिल्लीने २०१८ मध्ये बदरपूर बंद केलं. वीज दोन्ही शहरांची थांबली नाही. ती दुसरीकडून आली.

भारताचा स्वतःचा आकडाही नीट वाचायला हवा. सरकारने संयुक्त राष्ट्रांना कळवल्याप्रमाणे २००५ ते २०२० या काळात जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी उतरलं, आणि २०३० पर्यंत ४५ टक्क्यांचं उद्दिष्ट आहे. हे दर रुपयामागे. एकूण उत्सर्जन वाढतच गेलं आहे. सेवा क्षेत्र वाढलं की दर रुपयामागचा आकडा आपोआप उतरतो, मग चंद्रपुरात एकही टन कमी जळाला नसला तरी. जपानी शास्त्रज्ञ योइची काया यांनी उत्सर्जनाची फोड चार गोष्टींत केली होती: माणसं किती, दरडोई उत्पन्न किती, दर रुपयाला ऊर्जा किती, आणि दर ऊर्जेला कार्बन किती. पुण्याच्या वाढीने तिसरी गोष्ट खाली आणली. चौथी कोळशाच्या बॉयलरमध्ये ठरते, आणि तिथे आपण अजून पुरेसे उतरलेलो नाही.

०००

कोळशाचं ओझं विदर्भावर कट करून टाकलं गेलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. चाळीस टक्के राख असलेला कोळसा रेल्वेने आठशे किलोमीटर नेणं म्हणजे राखेचं भाडं भरणं. त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशी वीज करून तारेने पाठवणं स्वस्त. केंद्रं निवडण्याची आजची पद्धतही तेच करते. ज्याची वीज स्वस्त त्याला आधी चालवायचं, असा मेरिट ऑर्डरचा नियम आहे, आणि खाणीजवळचं केंद्र साहजिक आधी चालतं. नाशिक-परळीपर्यंत कोळसा नेऊन केलेली वीज महाग पडते. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंदच ठेवावं लागलं. म्हणून कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, चंद्रपूर: पूर्व विदर्भाच्या एका पट्ट्यात दहा हजार मेगावॉटहून जास्त कोळसा उभा आहे. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर बरोबर दिसतो. सगळे मिळून जे झालं त्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

महाराष्ट्रात प्रादेशिक अन्याय मोजण्याची परंपरा आहे, म्हणून हे जास्त बोचतं. १९५३ च्या नागपूर करारापासून समतोल विकासाचं वचन आहे. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष काढला: रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा सगळं तपासलं. या साऱ्यात एका विभागाला दुसऱ्यापेक्षा काय कमी मिळालं ते मोजलं गेलं. एका विभागाने दुसऱ्यासाठी काय सोसलं ते अनुशेषाच्या रकान्यात आलं नाही. सिंचनाचा अनुशेष सांगणाऱ्या अमरावतीतच अप्पर वर्धा धरणाचं पाणी नांदगावपेठच्या औष्णिक प्रकल्पाला देण्यावरून मोठा वाद झाला, तेव्हा हे दोन हिशेब समोरासमोर आले होते. तरीही ते एकत्र मांडले गेले नाहीत.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले, देशात चौथा क्रमांक. जानेवारी २०१० मध्ये नव्या प्रकल्पांवर बंदी आली, कृती आराखडे झाले, पुढे बंदी उठली. अशा ठिकाणी पैशाने काय करता आलं असतं, याचं उत्तर त्याच वर्षी जन्मलं होतं. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. वर्षाला एक कोटी टन कोळसा धरला तर एकट्या चंद्रपूर केंद्राच्या चुलीतून ४०० कोटी रुपये. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हाच पैसा राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करण्याकडे वळला. स्वच्छ ऊर्जेसाठी घेतलेला पैसा ज्यांच्या अंगणात कोळसा जळतो त्यांच्यापर्यंत कधी हक्काने आला नाही. खाणींसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे येतात, आणि चंद्रपूरला त्याचा उपयोग झाला आहे. वीज केंद्राच्या धुरासाठी कायद्याने बांधलेला तसा कोणताही निधी नाही.

०००

पुढचा काळ कसा दिसतो? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून १६,००० मेगावॉट सौरऊर्जा शेतीच्या फीडरांना जोडायची आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, ही या योजनेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. रात्रीच्या मोटारीमुळे साप चावून आणि शॉक लागून माणसं गेली आहेत. पण त्यामुळे कोळसा लगेच संपत नाही, त्याचं काम बदलतं. दुपारी सूर्य तळपतो तेव्हा केंद्राला उत्पादन निम्म्याच्या आसपास उतरवावं लागतं, आणि सूर्य मावळला, शहरं दिवे लावू लागली की पुन्हा वेगाने चढवावं लागतं. असं रोज खाली-वर करण्यासाठी जुने बॉयलर बनवलेले नाहीत. नळ्या थकतात, दर युनिटला कोळसा जास्त लागतो. बॅटरी आणि पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प येईपर्यंत संध्याकाळचा भार विदर्भच उचलणार. कोराडीला ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. नागपूरकरांनी तिथे कडाडून विरोध केला. तो विरोध मला रास्त वाटतो. जुने संच बंद करून नवे, कमी कोळसा खाणारे संच आणायचे असतील, तरी ते त्याच श्वासांवर का, याचं उत्तर स्वस्त भाड्यापलीकडे कुणी दिलेलं नाही.

शेजारच्या गडचिरोलीत तर वाढीची नवी गोष्ट सुरू होत आहे. सूरजागडचं लोहखनिज, कोनसरीचा कारखाना, आणि ‘स्टील हब’ हा शब्द प्रत्येक भाषणात. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड पडतो. जगाची सरासरी दोनच्या खाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘हरित पोलादा’ची व्याख्या केली आणि २.२ टनांची कमाल मर्यादा ठरवली. युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या पोलादावर आणि सिमेंटवर कार्बनची किंमत आकारण्याचा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू केला आहे. म्हणजे राज्यातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांपैकी एक जिल्हा अशा मालावर आपली वाढ उभी करायला निघाला आहे, ज्याची धुरासाठी सीमेवर झडती होणार. तिथल्या भट्ट्या आज कोणत्या इंधनावर बांधल्या जातात, यावर पुढची चाळीस वर्षं ठरतील. गडचिरोलीला वाढ नको असं सांगण्याचा अधिकार मुंबई-पुण्यात बसलेल्या कुणालाही नाही. मात्र चंद्रपूरला जी वाढ मिळाली तीच पुन्हा, जास्त उशिरा आणि जास्त धुराने, गडचिरोलीला मिळू नये, हे पाहण्याची जबाबदारी राज्याची आहे.

कोळशातून बाहेर पडताना जर्मनीने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. २०१८ मध्ये आयोग बसला. त्यात कामगार संघटना, कंपन्या, पर्यावरणवाले आणि कोळशाच्या पट्ट्यांचे लोक होते. २०२० मध्ये दोन कायदे झाले: एक २०३८ पर्यंत कोळसा बंद करण्याचा, दुसरा लाउझिट्झ, र्‍हाईनलँड अशा कोळसा प्रदेशांना ४० अब्ज युरोपर्यंत मदत देण्याचा. तिथेही भांडणं झाली आणि सगळं सुरळीत झालेलं नाही. पण बंद होण्याची तारीख आणि पैशाची रक्कम एकाच वर्षी, एकत्र ठरली.

चंद्रपुरात २१० मेगावॉटचे दोन संच चाळिशीत आहेत. पुढे ज्यांना निवृत्त करायची वेळ येईल त्यांत ते पहिले. केंद्र निवृत्त झालं तरी तिथे खूप काही उरतं: सपाट जमीन, इरईच्या पाण्यावरचा हक्क, मोठं उपकेंद्र, आणि थेट पडघ्याला जाणारी दीड हजार मेगावॉटची वाहिनी. नवा सौर किंवा बॅटरी प्रकल्प उभारणाऱ्याला यातली प्रत्येक गोष्ट मिळवायला वर्षं लागतात. ओबीच्या टेकड्यांवर आणि भरून आलेल्या खाणींवर पॅनेल बसू शकतात. ही मालमत्ता कुणाला आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे ठरवताना स्थानिक नोकऱ्यांची आणि जिल्ह्याच्या वाट्याची अट घालता येते. ती आत्ताच घालता येईल, नंतर नाही. मुंबई-पुण्याच्या वीजबिलात युनिटमागे दहा पैशांचा कोळसा-जिल्हा अधिभार लावला, तर त्या एसीच्या रात्रीला ऐंशी पैसे पडतील.

त्याआधी एक काम मात्र करावं लागेल. केंद्रात, खाणीत, राखेवर आणि ट्रकांवर आज किती कंत्राटी माणसं आहेत, कोणत्या वयाची, कोणतं काम येणारी, कोणत्या गावची, याची एक सार्वजनिक यादी करायची. ठेकेदारांच्या हजेरीपटांवर ही माणसं आहेतच. इथे यादी झाली नाही, तर संच बंद होईल त्या दिवशी कायम कर्मचारी कोराडीला किंवा भुसावळला बदलीवर जातील, आणि फावडं घेऊन पट्ट्याखाली उभा असलेला माणूस कोणत्याच कागदावर नसेल.